फक्की

साडेचारला पोतं उघडतो मी.
डिसेंबरात निफाडकडून असा वारा येतो
की बोटांना चुना कुठला आणि गारठा कुठला, कळत नाही.
साडेसहाला क्रिकेटवाले येणार.
त्यांच्या आधी आमचा देश
आखून, खेळून, पुसून व्हायला हवा.

एकतीस वर्षं सातपूरला लेथवर होतो,
सुतासुताचा हिशेब हातात बसलेला,
म्हणून बेंडकुळे सरांनी मला झेरॉक्स दिली :
शंभर मीटर लांब, अडुसष्ट रुंद, दर दहाला आडवी रेघ.
"रग्बी लीग. तेरा जणांची. पंधरांची ती वेगळी."
हे वाक्य सर त्या वर्षी
बँकेत, पालिकेत, पासपोर्टच्या खिडकीपाशी,
स्वतःच्या सासऱ्यांसमोरसुद्धा
इतक्यांदा म्हणाले, की शेवटी नुसतं "तेरा" म्हणत.

खांब अंबडला वेल्डिंग केले, परांचीच्या पाइपांचे.
वॉचमन म्हणाला, झोपाळा कधी टांगताय?
टॅकलच्या गाद्या भद्रकालीत शिवल्या
स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्या शकीलभाईंनी;
एकीवर कंपनीचं नाव तसंच राहिलं,
पोरं त्या नावावर सगळ्यात जोरात आदळायची.

सुरगाण्याचा लखमन भोये, मूळचा कबड्डीचा.
धरलं की सोडत नाही,
आणि चेंडू घेऊन पळतो तो दम रोखून.
सर कडेनं ओरडतात, अरे श्वास घे, इथे चालतो!
पगारे द्राक्षांच्या पॅकहाउसची रात्रपाळी संपवून येतो,
हाताला खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास.
ओडिशाचा सुकांत, पंजाबचा गुरतेज.
सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याला द्यायचा,
आणि ते सहा जो तो आपल्या भाषेत मोजी :
सहा, छअ, छे.
मधेच कुणाचं पाच, कुणाचं सात.
शेवटी ठरलं, पाचव्याला बोटं पसरून पंजा दाखवायचा.
बोलायचं नाही.

चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही,
मागेच द्यायचा, आणि जायचं मात्र पुढे.
पहिला आठवडा मला वाटलं, सर चूक शिकवताहेत.
बायकोला सांगितलं.
ती भाकरी उलटत म्हणाली,
त्यात काय, उलटी टीप तशीच घालतात.
उसवत नाही.

मग ते गेले. देशाचा पहिला संघ.
गुरतेजनं बुलेट विकली, पगारेनं उचल घेतली,
ब्लेझर आले पंधरा आणि माणसं सतरा;
फोटोत मागच्या रांगेत दोघे
फक्त चेहऱ्यापुरते आहेत.

रात्री दीडला सरांचा फोन.
"बासष्ट."
मी गप्प.
"बासष्ट–चार," ते म्हणाले,
आणि त्या चारवर त्यांचा आवाज
जरा जास्त वेळ थांबला.
त्या चारला ट्राय म्हणतात.
सगळ्यांना चुकवून, ओढत, रेघेपलीकडे जाऊन
चेंडू जमिनीला टेकवला
तरी त्याला म्हणायचं प्रयत्नच.
पंचांच्या वहीतसुद्धा.

नाशिकरोडला उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मवर
मी, सरांच्या बाई,
आणि एक हमाल, ज्यानं विचारलं, वऱ्हाड कुठलं?
लखमनचं कोपर सोललेलं. त्यानंच टेकवला होता.
काय विचारावं सुचेना, म्हणून विचारलं,
त्यांची रेघ कशी होती रे?
"काका, तिथे फक्की नसते. गवतावर रंग मारतात."
रुंद किती?
बॅग खाली ठेवून त्यानं बोटं जोडून दाखवली.
चार.

माझी तीनच बोटं असायची,
पोतं महिनाभर पुरावं म्हणून.

आज साडेचारला दोरी ताणली.
अंधार होता, कुत्रं खांबाशी झोपलेलं.
वाकलो, तीन बोटं टेकवली,
मग त्यांच्या शेजारी करंगळी.